कापूस, गूळ आणि वहिनी

सुनयना मॅडमच्या आईला मजुरीच्या बदल्यात ज्वारी मिळायची. म्हणून बाजारहत्नूरकडच्या शाळेत अदलाबदल शिकवताना त्यांनी वर्गातच बाजार भरवला. कोणी कापूस देऊन गूळ घेतला, कोणी वांगी देऊन शेंगा.

"घरी कोणी अशी अदलाबदल करतं का?" त्यांनी विचारलं.

चौथीतली अश्विनी उभी राहिली. "आमी केली, मॅडम. ताई वहिनीच्या भावाले देली, मंग त्याईनं दादासाठी वहिनी देली."

मॅडमनी घाईघाईनं बाजार आवरायला घेतला. पोरांना मात्र अश्विनीच्या बोलण्यात नवल वाटलंच नाही.

"वरून काई द्या लागलं का?" नागेशनं विचारलं.

"एक बकरी," अश्विनी म्हणाली. "वहिनी गोरी हाय ना."