रक्ताची नळी आणि काकूंचा प्रश्न

आज सफाळ्याजवळच्या गावात एका काकांचं रक्त घ्यायला गेले होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत वेगळ्या करून अभ्यासतो.

नळी भरली, तसा त्यांनी दुसरा हात पुढे केला. "यातलंपण घे. त्या पेशी सगल्या काढून टाक."

संमती घेताना सांगितलेलं मी पुन्हा सांगितलं. "काका, याने आजार कमी होत नाही. हे फक्त संशोधनासाठी आहे."

त्यांनी हात मागे घेतला. मग आत चहा करणाऱ्या काकूंकडे बघत हळूच म्हणाले, "हिला बोलू नको. सगल्या निघतील म्हणून कालपासून खूश हाय."

काकू चहा घेऊन आल्या. "निघाल्या का गो सगल्या?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नळी भरली, काकू."

काकूंनी डोळे मिटून हात जोडले.

मी खोटं बोलले नव्हते. तुम्ही काय सांगितलं असतं?