कूस बदलण्याचं काम

माझी मावशी बोलायला लागली की समोरच्याला जांभई द्यायलाही उसंत मिळत नाही. काका अंथरुणाला खिळल्यापासून तर भांडणही दोघांच्या वाट्याचं ती एकटीच भांडते. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीवर एक जखम नव्हती. हाच काय तो मावशीचा तोरा, आणि तो तिला शोभायचा.

घर सरकारी भत्त्यावर चालायचं. मग नियम आला, धडधाकट माणसाने काम केलं तरच भत्ता. मावशी कचेरीत गेली.

"साहेब, मी दिवसभर कामच करते की. नवऱ्याचं."

"घरच्या माणसाचं काम धरत नाहीत, बाई." साहेब तरी काय करणार, वरून आलेलंच वाचत होते. त्यांनी तिला अनुभव विचारला आणि वृद्धाश्रमात लावून दिलं. काम काय, तर म्हाताऱ्यांच्या कुशी बदलायच्या.

हे ऐकून मी आधी हसले, मग अंगाची नुसती लाहीलाही झाली. मी दिवसभर दुकानात. शेजारीण दुपारी डोकावायची, पण काकांना वळवणं तिला एकटीला झेपत नव्हतं. महिन्याभरात त्यांच्या पाठीवर लाल चट्टा उठला. मावशीने कचेरीत हात जोडून कामाची वेळ बदलून मागितली. साहेब म्हणाले, "ते आश्रमाच्या हातात." आश्रमवाले म्हणाले, "ते कचेरीच्या हातात."

मग योजना कशी राबवली जातेय ते पाहायला राजधानीहून एक मॅडम आश्रमात आल्या. मावशी तेव्हा एका आजोबांना कुशीवर घेत होती. सुटायची वेळ झाली होती, तरी थांबून तिने सगळं सांगितलं. मॅडमनी मनापासून ऐकलं, डोळेही पुसले.

"खरं सांगू, मावशी? मी फक्त पाहायला आलेय. बदलणं माझ्या हातात नाही."

"मग लिहा तरी नीट," मावशी म्हणाली.

या बोलण्यात तिची बस चुकली.

दुकानातून मी थेट तिच्याकडे गेले, तेव्हा ती नुकतीच पोचली होती. काका सकाळच्याच कुशीवर, ओल्या चादरीत पडलेले. आम्ही दोघींनी त्यांना वळवलं. चट्टा फुटला होता.

"आज... उशीर?" काकांनी अडखळत विचारलं.

मावशीने जखमेभोवतीची पाठ हलक्या हाताने पुसली.

"आज राजधानीच्या मॅडम माझं म्हणणं ऐकून घेत होत्या," ती म्हणाली, आणि तिने ओली चादर ओढून काढली.