टायरात भरलेली तणस

मंडळी, आधीच बजावून ठेवतो... भूत, लागीर, झपाटणं, या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट बनावट भुतांच्या गोष्टी रंगवून मी धडधाकट जावयांना अंगणात जायला कंदील मागायला लावलेलं आहे! पण ही एक गोष्ट त्या पोतडीतली नाही.

निमित्त झालं पुतण्याच्या नव्या गाडीचं. बॅटरीवर चालते म्हणे. परवा कारधाच्या पुलाअलीकडे पंक्चर झाली, डिकी उघडून बघतो तर — स्टेपनीच नाही! "काका, या गाडीत स्टेपनी येतच नाही," असं ऐटीत सांगितलं त्याने. मी खो खो हसलो. मग रस्त्याच्या कडेला सांडलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दिसली आणि हसू तिथंच विझलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. पौष महिना, भर दुपार. मी आसगावचा, नुकती मिसरूड फुटलेला. माझी थोरली बहीण — आम्ही तिला बाई म्हणतो — लाखांदूरजवळच्या खेड्यात दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून मी तिथंच मुक्कामाला. आदल्या दिवसापासून वेणा, सुटका होईना, रक्त जाऊ लागलं. भाटवे, म्हणजे बाईचे यजमान, नोकरीवर लांब. गावात जीप एकच. तिच्यात मागे गादी टाकून बाईला निजवलं, उशाशी तिची सासू बसली, पुढे मी आणि ड्रायव्हर गंगाराम. भंडाऱ्याचा दवाखाना गाठायचा होता. निघताना सुईण एवढंच म्हणाली, "लवकर पोचा गा. नाही त मग घाई कराचं काम नाही."

अर्ध्या वाटेत, एका नाल्याजवळ, फस्स... मागचं चाक बसलं.

"स्टेपनी काढ ना बे!" मी ओरडलो.

"स्टेपनी घरी आहे."

"घरी काय करून राहिली?"

"मालकाने विहिरीवरच्या मोटारीखाली लावली. मोटार भारी हालते म्हणे."

ना एसटीची वेळ, ना ट्रकचा पत्ता. मग आमच्याकडचा जुना जुगाड आठवला. ट्यूब काढायची, टायरात धानाची वाळलेली तणस ठासून भरायची आणि गाडी हळूहळू हाकायची. पण मळणी उरकून तणस केव्हाच गावात गेलेली, धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, उघडीबोडकी. नाल्याच्या काठावर मात्र एक लहानसा ढीग होता.

"बैलबंडीतून सांडली असन," गंगाराम म्हणाला. आम्ही कवळ्या भरभरून आणली, कोंबली, चाक चढवलं. आणि काय सांगू — चालली की जीप! गंगारामने मिशीला पीळ दिला. मी मागे वळून म्हटलं, "बाई, तणस खाऊन जीप पळून राहिली, पाहा!"

बाई हसली नाही. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "थे बुडी कोण आहे रे, माह्या पायापाशी?"

"तुई सासू आहे ना वं."

"ह्या त डोक्यापाशी आहेत. थे दुसरी... माह्यं अंथरूण आणलं म्हणते तुम्ही. एकटीले थंडी वाजते म्हणते."

जीप तिथेच थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाक हलेना. बैल अडून बसावा तसं.

सासूची नजर माझ्या बाहीवर गेली. बाहीला गुलाल लागला होता. झेंडूची एक पाकळी.

"अगा बापू, कुठून आणली ही तणस?"

"नाल्यावरून."

तिने कपाळावर हात मारला. "मसणवट आहे ना थे! ताटीवरची तणस आहे ही!"

आमच्याकडे ताटीवर, म्हणजे तिरडीवर, मेलेल्या माणसाखाली तणस अंथरतात. मसणात माणूस उतरवला की ती तिथंच टाकून येतात. तिला कोणी हात लावत नाही, गुरंही तोंड लावत नाहीत म्हणतात.

"काढून फेकू काय?" गंगारामने विचारलं.

"मग गाडी कशावर चालन? तुया मिशीवर?" मी खेकसलो.

बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. सासूने तिच्या पायाशी असलेल्या रिकाम्या जागेकडे बघून हात जोडले. "माय, माही सून पोचू दे. तुयं अंथरूण तुले आणून देतो. अजून काही लागन त घेजो... पण हिले सोड."

अडलेलं चाक हललं. त्यानंतर जीप अशी धावली की नव्या ट्यूबवरही तशी धावली नसती. कारधा आलं, पूल आला, दवाखाना आला. बाई वाचली. मुलगा झाला होता. रडला नाही. संध्याकाळी त्याला वैनगंगेच्या काठी मातीआड केलं.

दुसऱ्या दिवशी, बोलल्याप्रमाणे तणस परत करायची म्हणून कारध्याला टायर उघडायला दिलं. आत काही नव्हतं. काडी नाही, भुसा नाही. "ट्यूब नाही, हवा नाही, मग आले कशावर तुम्ही?" पंक्चरवाल्याने विचारलं. तुम्हाला उत्तर सुचलं तर जरूर कळवा, मंडळी. मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

ट्यूब बसवून घेतली, ओळखीच्या घरून नवी तणस मागून घेतली आणि आम्ही दोघं त्या नाल्यावर गेलो. आणि ढीग होता की तिथे! तोच. रबराचा वास येत होता, काड्यांना काळं लागलं होतं. पण आता तो ढीग नव्हता, कोणी निगुतीने अंथरला होता. मधोमध माणूस निजून उठावा तसा खोलगा. आणि त्या खोलग्याच्या कुशीत, अगदी चिकटून, दुसरा... वीतभर.

गंगारामने मान फिरवली. मी आणलेली तणस त्या लहान खोलग्याभोवती नीट लावली आणि परत आलो.

बाईला यातलं अक्षरही आम्ही सांगितलं नाही. सासूनेही नाही. पुढे तिला दोन मुली झाल्या, संसार झाला. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे शेकोटीपाशी बसून नेहमीसारखा गप्पा ठोकत होतो, तर ती मध्येच म्हणाली, "बापू, त्या बुडीपाशी त्याले थंडी त नसन ना वाजत?"

मी शेकोटीतलं लाकूड आत सरकवलं.

"नाही वं बाई," मी म्हटलं. "तणस मस्त आहे."