एका रॉक गाण्यातली शांतता

"वकीलबाय, आता ह्या आयका," असं म्हणत नितेशने दुसरा मोबाइलही माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही गाणी एकदम सुरू केली. डिचोलीतल्या माझ्या ऑफिसच्या बाकावर एक म्हातारे अशील घराच्या वाटणीसाठी बसले होते. ते छत्री उचलून चहाला निघून गेले. दोन गिटार, दोन ड्रम, दोन गळे, आणि तरी मला ऐकू येत होतं एकच गाणं.

"कळला?" त्याने विचारलं.

"कळलं. बंद कर."

मी मुंडकारांची वकील. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून पिढ्यान्पिढ्या राहणारा माणूस. भाटकार म्हणतो जमीन माझी, मुंडकार म्हणतो घर माझं, आणि दोघांची नातवंडं वकिलांची फी भरतात. कॉपीराइटची आणि माझी गाठ लॉ कॉलेजच्या एका पेपरात पडली होती. त्यानंतर आम्ही एकमेकांची चौकशी केली नव्हती.

नितेश पार्सेचा. डिचोलीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो आणि सुट्टीच्या दिवशी तीन मित्रांना घेऊन रॉक वाजवतो. त्याच्या वडिलांचा खनिजाचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजला, शेवटी भंगारात गेला. मुलाने मग त्यावर 'उतरण' नावाचं गाणं केलं आणि मागच्या वर्षी पार्सेच्या जत्रेत, देवळापुढच्या स्टेजवर, पहिल्यांदा गायलं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ट्रकाचो नंबर घालूक नाय तो?"

पुढे काही महिन्यांनी मांद्रेच्या 'ओहोटी' नावाच्या बँडने 'किनारो' हे गाणं इंटरनेटवर टाकलं. चाल तीच. ट्रकच्या जागी एक मुलगी बसवली होती, ती निघून जाते आणि गाणारा वाळूत उभा राहतो. निघून जाणाऱ्या मुलीला आपल्याकडे ट्रकपेक्षा मागणी जास्त. गाणं किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजलं, लग्नात वाजलं, रीलमध्ये तर इतकं वाजलं की पार्सेच्या शाळकरी मुलांनाही पाठ झालं.

मग गावाने निकाल दिला. जे जास्त वाजतं ते खरं, हा पुराव्याचा कायदा कुठल्याही पुस्तकात नसला तरी सगळीकडे लागू आहे. देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांनी नितेशच्या वडिलांना देवळाच्या पायरीवर, चार माणसांसमोर सांगितलं, "देवाफुडे चोरीचा गाणा नको. औंदा तुमच्या झिलाक स्टेज देवक जमाचा नाय."

त्या दिवसापासून वडिलांनी देवळात जायचं सोडलं.

"माका दुसरा कायच नको," नितेश म्हणाला. "बापूस देवळात जावक होयो. इतक्याच करा."

मला त्या अध्यक्षांचा मनापासून राग आला. राग आला की मी केस घेते. ही वाईट सवय आहे, पण आता ती मोडण्याचं वय राहिलेलं नाही.

दोन दिवस पुस्तकं चाळली. कायदा तसा साधा आहे. गाणं केलं की ते तुमचं, कुठे नोंदवलंच पाहिजे असं नाही. पण कोणी ते चोरलं म्हणायचं असेल, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, दोन्ही गाण्यांत भरपूर साम्य आहे. दुसरी, समोरच्याला तुमचं गाणं ऐकायची संधी मिळाली होती. याला आम्ही 'ॲक्सेस' म्हणतो. दोन माणसांना एकच चाल आपापली सुचली, तर कायदा दोघांनाही निर्दोष मानतो. शिवाय कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकदम वाजणाऱ्या सुरांचे गठ्ठे, ते कोणाच्याच मालकीचे नसतात. जगातली निम्मी रॉक गाणी त्याच चार कॉर्डवर उभी आहेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

मी नोटीस पाठवली. पणजीहून एका तरुण वकिलाचं उत्तर आलं, सुंदर कागदावर. सोबत एका संगीततज्ज्ञाचं मत होतं. तज्ज्ञांच्या नावापुढच्या पदव्या वाचून मी चहा घेतला आणि मग मत वाचलं. मत असं की कॉर्ड सार्वजनिक आहेत. उत्तरात म्हटलं होतं की 'ओहोटी'चा गायक शुभम याने 'उतरण' कधीच ऐकलेलं नाही. आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं होतं. 'किनारो'च्या मध्यावर वाद्यं अचानक थांबतात, बराच वेळ काहीही ऐकू येत नाही, आणि मग अर्धी ओळ पुन्हा घेऊन गाणं सुरू होतं. ही शांतता म्हणजे आमच्या अशिलाच्या प्रतिभेचा गाभा आहे, तुमच्या अशिलाच्या गाण्यात असं काहीही नाही, सबब दोन्ही गाणी भिन्न आहेत.

मी नितेशला बोलावलं. त्याने मित्राच्या घरी केलेलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात खरोखरच कुठे थांबणं नव्हतं. गाणं उतारावरच्या ट्रकसारखं सरळ खाली येत होतं.

"तुम्ही मध्ये कुठेच थांबत नाही?" मी विचारलं.

"कित्याक थांबतलंव?"

"मग कठीण आहे," मी म्हटलं. तो हेल्मेट घेऊन निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

त्याने ते गाणं चारचौघांत एकदाच गायलं होतं, जत्रेत. म्हणून रविवारी मी कमिटीने इंटरनेटवर टाकलेला जत्रेचा व्हिडिओ लावला. सत्कार, सत्काराला उत्तर, देणगीदारांची नावं, पुन्हा सत्कार. नवरा दोनदा येऊन विचारून गेला की हे अजून चालूच आहे का. शेवटी नितेशचा बँड आला. 'उतरण' सुरू झालं, रंगलं, आणि मध्यावर सगळे एकदम थांबले. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. साउंडवाल्याने पटापट माइक बंद केले. कॅमेरा वळला. देवाची पालखी स्टेजसमोरून चालली होती.

आपल्याकडे पालखी समोरून जात असताना स्टेजवर काही वाजवत नाहीत. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मी स्वतः घरच्या सोफ्यावरून उठून, चष्म्यासकट, टीव्हीला हात जोडून उभी होते. पालखी पुढे गेली. माइक सुरू झाले. आपण कुठे होतो ते विसरल्यामुळे नितेशने अर्धी ओळ पुन्हा घेतली आणि गाणं पुढे निघालं.

हात जोडलेलेच होते, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी 'किनारो' लावून पाहिलं. तीच जागा. तितकाच वेळ. तीच अर्धी ओळ. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पुन्हा विचारलं की अजून चालूच आहे का.

आमच्या धंद्यात अशा उतरवून घेतलेल्या चुकीला फार मान आहे. योग्य ते दोघांनाही सुचू शकतं, त्यामुळे साम्याला उत्तर देता येतं. पण एखाद्याची अडचण तुम्ही जशीच्या तशी उतरवून घेतली, तर उत्तर सापडणं अवघड जातं.

मी बैठक मागितली. पणजीत त्या वकिलाच्या एसी ऑफिसात मी, नितेश आणि शुभम जमलो. शुभमच्या वडिलांचं मांद्रेला गेस्टहाउस आहे, त्यामुळे तो पाहुण्यांशी बोलावं तसंच माझ्याशी बोलला. मी नम्रपणे म्हटलं, "तुमच्या गाण्यातली ती शांतता मला फार आवडली. कशी सुचली?"

त्याला हा प्रश्न बहुधा मुलाखतींत विचारला जात असावा.

"मॅडम, ती स्पेस आहे," तो म्हणाला. "ओहोटीच्या आधी समुद्र एक क्षण स्तब्ध होतो ना, तो पॉज. ती गेली आहे, पण तिचं जाणं अजून संपलेलं नाही. आम्ही त्यावर खूप काम केलं."

"आणि नंतर अर्धी ओळ परत येते?"

"ती आठवण. आठवण नेहमी अर्धीच येते."

त्याचे वकील मान डोलावत होते. मी लॅपटॉप फिरवला आणि व्हिडिओ लावला. पालखी आली. शुभमचे हात आपोआप जुळले आणि त्याने नमस्कार केला. मग त्याला समजलं आपण काय पाहतोय, पण हात तसेच राहिले.

"हे लोक इथे का थांबले?" त्याच्या वकिलाने विचारलं. बिचारा लहानपणापासून बाहेर शिकलेला.

"पालखी इली म्हणून," नितेश म्हणाला. "आनी कित्याक थांबतलंव?"

वकिलांनी स्वतःचं उत्तर काढून शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. मग कागद पालथा ठेवला. शुभमचं इंग्लिश तोपर्यंत संपलं होतं.

"साउंडवाल्यान धाडल्यान माका," तो म्हणाला. "नुसतो आवाज होतो. कोणाचा ता म्हणून नाव नव्हता. माका वाटला, कोणाचाच नाय."

साउंडवाल्याचं रेकॉर्डिंग थेट मिक्सरवरून घेतलेलं असतं. त्यात फक्त स्टेजवरची वाद्यं आणि माइक येतात. ढोल, ताशे, गर्दी यांतलं काहीच नाही. माइक बंद म्हणजे चक्क शांतता, आणि त्या शांततेत या मुलाला समुद्र ऐकू आला. कोणाचाच नाय, हे वाक्य मी जमिनीच्या केसमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की मला जांभई आली.

समझोता तासाभरात झाला. 'किनारो'वर संगीतकार म्हणून नितेशचं नाव येईल, आणि मूळ गाणं 'उतरण' आहे असं शुभम स्वतः व्हिडिओत सांगेल. सही करताना शुभमने हळूच विचारलं, ती शांतता आम्ही ठेवली तर चालेल का, लोकांना तीच आवडते.

"माका विचारू नका," नितेश म्हणाला. "ती माझी न्हय."

शुभमचे वकील माझ्याकडे बघू लागले. कायद्यात देव हा माणसासारखाच पक्षकार असतो. त्याच्या नावावर जमीन असते, त्याला दावाही लावता येतो. मी म्हटलं, देवाने अजून मला वकीलपत्र दिलेलं नाही, तोवर ठेवा. ऑफिसातल्या ज्युनिअर वकिलांना मी आता बजावते की अशिलाच्या कामात काही फारच सुंदर दिसलं, तर ते उत्तरात लिहिण्याआधी तिथे कसं आलं ते विचारून घ्या.

शुभमने शब्द पाळला. त्याचा व्हिडिओ अध्यक्षांच्या नातीने अध्यक्षांना दाखवला आणि स्टेज पुन्हा मिळालं. यंदा जत्रेला मीही गेले. पालखी आधीच देवळात गेली होती, त्यामुळे 'उतरण' कुठेही न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालं. वडील देवळात जाऊन येऊन पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

गाणं संपल्यावर अध्यक्ष आले. माफी वगैरे मागायची त्यांच्याकडे पद्धत नसावी.

"बरा झाला," ते नितेशला म्हणाले. "पण मधी थांबूचा इसारल्यात काय रे तुमी? त्या मांद्रेच्या पोरांनी ता बरा बसयलेला. तसा करूक होया होता."

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. वडील खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला आणि पायरीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच अध्यक्षांशी बोलले.

"तुमी पालखी स्टेजाफुडे हाडा," ते म्हणाले. "पोरां थांबतली."