हाताला कळेल असं विमान

दुमियात या सुतारांच्या शहरात सुतार होणं काही मोठं नाही. इथे खाली करवत चालते, वर माणसं राहतात, आणि भुसा दोन्ही मजल्यांवर सारखाच. पण उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, मितवल्लीचं नाव निघालं की बाकीचे सुतारही जरा सावरून बसायचे. त्याची खुर्ची बोलत नसे. नवी खुर्ची तयार झाली की तो तिला मागच्या एकाच पायावर तिरपी करायचा, आपलं धिप्पाड अंग तिच्यावर टाकायचा आणि कान द्यायचा. एवढीशी कुरकुरली तरी तिथल्या तिथे कुऱ्हाड! "हलते ती खुर्ची नाही, पाळणा आहे," म्हणत तुकडे चहाच्या चुलीत. अशा माणसाला आमच्याकडे डोक्यावर घेतात आणि त्याच्या घरच्यांची कीव करतात.

घरी आता एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण इन्साफ. मितवल्लीची बायको वारली होती, मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. इन्साफचे डोळे गोवरात गेले तेव्हा ती पाळण्यातून नुकती उतरली होती, त्यामुळे दिसणं म्हणजे काय हे तिला आठवतही नसे. ती भावाच्या खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायची. बोटं विणत असायची आणि तोंड त्याहून जोरात चालायचं.

गच्चीवर वेत भिजवत बसली की डोक्यावरून विमान जाई. मग ठरलेला प्रश्न.

"भाऊ, कसं असतं रे ते?"

"पक्ष्यासारखं."

"पक्षी धरलाय मी हातात. तो असा गुरगुरत नाही."

लहानपणापासून ती विचारत आली आणि लहानपणापासून तो वेळ मारून नेत आला. एकदा बाजारातून प्लास्टिकचं विमान आणून दिलं, तर तिने ते दोनदा चाचपलं आणि परत केलं. "हा तर तळायला आणलेला बोई मासा. आत काय आहे, कशाने उडतं, काही कळत नाही." तो विषय तिथेच राहिला.

मग तिची साखर वाढली. आधी बोटांना मुंग्या यायच्या, पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. डॉक्टरांनी मितवल्लीला बाजूला घेऊन सांगितलं की बोटांच्या टोकांची जाणीव जात चालली आहे, औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. घरी येताना इन्साफ मजेत बडबडत होती आणि हा नुसता तिच्या बोटांकडे बघत चालला होता. तिचे डोळे म्हणजे तिची बोटं. ही पोर दुसऱ्यांदा आंधळी होणार होती, आणि तिने आयुष्यभर मागितलेली एकच गोष्ट त्याने अजून तिच्या हातात ठेवली नव्हती. त्या रस्त्यावरच त्याने ठरवलं. बोटं जायच्या आत विमान.

पण कुठलं? आजची विमानं सगळी बंद डबे. शेजारचा शहाता, हा नक्षीकाम करणारा, जीभ छिन्नीपेक्षा धारदार, त्याने मोबाइलवर एक जुनं चित्र काढून दाखवलं. जुन्या खेदिव राजांच्या काळात कैरोबाहेरच्या वाळूवर परदेशी लोकांनी उडवलेलं लाकडी विमान. काठ्या, कापड, तारा. बसायची जागासुद्धा उघडी.

"अरे, याची हाडं बाहेर आहेत!" मितवल्ली ओरडला. "हेच पाहिजे. हाताला कळेल हे."

शहाताने त्याचा आराखडा छापून आणून दिला आणि वर टोमणाही दिला, "उस्ता, सोन्याचा मुलामा पण चढव. एखादा राजा बसून येईल."

तयार सामान घ्यायचं नाही, ओंडक्यापासून सगळं आपल्या हाताने करायचं, यावर मितवल्ली अडून बसला. बीच लाकडाच्या काडीएवढ्या पट्ट्या काढल्या. त्या वाफेवर वाकवल्या, तुटल्या, पुन्हा काढल्या. पंखा अक्रोडाच्या एका तुकड्यातून कोरला. चाकाच्या आऱ्या, बसायची फळी, शेपटीचं सुकाणू, सगळं इन्साफच्या कवेत मावेल एवढ्या मापाने. दिवाणखान्याच्या सामानाचं गिऱ्हाईक दारात ताटकळलं तर म्हणे, "उद्या या." नंतर तेही म्हणेना. शेवटी लाखेचं पॉलिश दिलं, इतकं की शहाताने त्यात मिशा नीट केल्या.

मितवल्लीने दोन्ही पंखांवर तळवे दाबून कान दिला. हूं की चूं नाही. छाती फुगवून त्याने विमान बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

इन्साफची बोटं हळूहळू फिरली. पंख्यावर थांबली, चाकावर गेली, पंखाच्या कडेने टोकापर्यंत जाऊन परत आली.

"किती सुंदर केलंयस रे," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा पंख चाचपले. "पण हे वळतं कसं?"

"मागे सुकाणू आहे ना."

"ते नावेचं झालं. विमान वळताना कलतं. आवाज कलतो, मी ऐकते ना रोज. कलतं तेव्हा काय हलतं?"

"काही हलत नाही. माझ्या कामात काही हलत नसतं!"

"मग भाऊ," इन्साफ अगदी हळू म्हणाली, "ही खुर्ची झाली. आकाशातली असेल, पण खुर्चीच."

तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. चपला अडकवून तरातरा कॉफीच्या दुकानात जाऊन बसला आणि शहाताला म्हणाला, "दिसत नाही ना, म्हणून खुसपटं काढते."

शहाताने खिशातून मोबाइल काढून ते चित्र मोठं केलं. "उस्ता, या पंखाची मागची पट्टी बघ. अंगाला घट्ट जोडलेली दिसत नाही. सैल आहे."

"माहीत आहे. आराखड्यातही तसंच होतं. कच्चं काम होतं, मी सुधारलं. सरस भरून खुंटी ठोकली."

"सुधारलंस?"

मितवल्ली बोलता बोलता थांबला. पट्टी सैल. तिच्यापासून खाली उतरलेल्या तारा. तारांचं टोक वैमानिकाच्या दांड्याला. दांडा ओढला की एका पंखाची मागची कड खाली येणार, दुसऱ्याची वर जाणार. ज्याची कड वर, तो पंख खाली दबणार आणि विमान त्या बाजूला वळणार. त्या विमानाचं सगळं वळणं पंख पिळण्यावर होतं, आणि यानं ते सरस लावून बंद केलं होतं. जन्मभराच्या अभिमानानेच घात केला होता. "मी गाढव आहे," तो मोठ्याने म्हणाला, आणि शहातानेही, कधी नव्हे ते, नुसती मान हलवली.

घरी येऊन त्याने पॉलिश केलेले पंख उपटले. इन्साफला आवाजावरून कळलं.

"अरे, राहू दे! एवढं चांगलं झालंय."

"चूप बस. खुर्ची म्हणालीस ना?"

आता खरी परीक्षा होती. सैल करायला बसलं की त्याचे हात आपोआप घट्ट करायचे. सांधा जमला म्हणून बघावं तर हलायचं नाव नाही. फासळ्या कानसून इतक्या बारीक केल्या की फुंकरीनेही वाकाव्यात, तर त्या हातातच मोडू लागल्या. तो शिव्या घालायचा आणि पुढची पट्टी उचलायचा. मध्येच एका सकाळी इन्साफने उकळत्या चहाचा ग्लास धरला आणि गप्पा मारत तसाच धरून ठेवला. बोटांना फोड आले तरी तिला पत्ता नव्हता. मितवल्लीने फोडांवर मलम लावलं, खाली गेला आणि दार लावून कामाला भिडला.

तारांसाठी समुद्रकाठच्या इझ्बत अल्-बुर्जच्या कोळ्यांकडून गळाचा दोर आणला. इकडची ओढली की तिकडची लोंबायची, तिकडची ओढली की पंख वाकडा. वैतागून त्याने गुंडाळी भिरकावली ती नेमकी इन्साफच्या पायाशी.

"दे इकडे," ती म्हणाली. "जन्मभर माझं विणणं बघितलंस, पण वेत एका बाजूने ताणत नाहीत एवढंही शिकला नाहीस."

तिने दोराचं टोक दातात धरलं. बोटांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून मनगटाला वेढा दिला आणि समोरासमोरच्या दोन तारा बरोबरीने ओढून घेतल्या. "बांध आता. इथे. मेल्या, इतकं घट्ट नको!" तो बांधत गेला आणि शिव्या खात गेला. त्या दिवशी दोघांनी जेवण विसरून काम केलं.

कापड चढवायचं तेवढं राहिलं. मलमल चिकटवून, वाळवून, कडा शिवून होईपर्यंत आणखी दिवस गेले. शुक्रवारी नमाज आटोपून मितवल्ली कागदात जिलबीसारखा गोड, गरम मुशब्बक घेऊन आला, बहिणीला साखर चालत नाही हे आठवून तो शहाताला देऊन टाकला, आणि विमान तिच्या मांडीवर ठेवलं.

इन्साफने बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. तळवा दाबून बघितला. तिचा चेहरा पडत गेला.

"भाऊ, लागत नाही रे काही. कापड कुठे, लाकूड कुठे, काहीच कळत नाही."

"माझ्यामुळे," मितवल्ली म्हणाला. "पहिल्यांदाच नीट केलं असतं तर तुझी बोटं होती. माझ्या मस्तीने तुझे दिवस खाल्ले, इन्साफ." आणि एवढा मोठा उस्ता शहातासमोर ढसाढसा रडला. शहाता तोंडातला घास तसाच ठेवून दाराबाहेर गेला.

इन्साफने विमान दोन्ही हातांनी उचललं, डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि डाव्या पंखाच्या मागच्या कडेवर वरून गाल टेकवला. ओठांनी कापड चाचपलं, खालची फासळी चाचपली. गालाची कातडी अजून तिची होती.

"रडणं पुरे," ती म्हणाली. "दांडा ओढ."

"मोडेल."

"ओढ म्हणते ना. हळू."

त्याने नाक पुसलं आणि दोन बोटांच्या चिमटीत दांडा धरून ओढला. उजवी कड खाली गेली. डावी कड मलमलीसकट वर येऊन तिच्या गालाला दाबत राहिली. तिची मान आपोआप डावीकडे कलली, मग खांदा, मग सगळी बसल्या जागी कलली.

"डावीकडे!" ती ओरडली. "भाऊ, आपण डावीकडे वळलो!"

मितवल्लीने दांडा सोडायला हात मागे घेतला, तशी तिने चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "समुद्राकडे घे."