ओदेलूचं परमिट

नल्लगुट्टाच्या सबस्टेशनात कनकव्वा एकोणीस वर्षं ऑपरेटर होती, आणि एवढ्या वर्षांत तिनं भलत्याच्या सांगण्यावरून लाइन कधी सोडली नव्हती. सरपंचाच्या नाही, सासऱ्याच्या नाही, आणि नवऱ्याचं तर ती घरातही ऐकत नसे. ज्यानं लाइन बंद करून घेतली, त्याच्याच शब्दावर ती सोडायची. परमिट म्हणतात त्याला. लाइनमन फोन करतो, कनकव्वा वीज तोडते, स्विचला कुलूप घालते, रजिस्टरात त्याचं नाव लिहिते आणि किल्ली कमरेला खोचते. काम उरकून तोच खाली उतरतो, तोच फोन करून परमिट परत देतो, मग वीज. मध्ये देव आला तरी त्यानं फाटकाबाहेर थांबावं. तारेला हात लावलेला असतो तो लाइनमनचा, देवाचा नव्हे.

तिची आई जगित्यालला विड्या वळायची. त्या विड्यांच्या जिवावर कनकव्वा आयटीआय शिकली. वर्गात बत्तीस पोरं आणि ही एकटी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी फोन वाजला. पलीकडे ओदेलू लाइनमन.

"ऑपरेटर कुठाय?"

"मीच."

त्यानं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग तो म्हणाला, "बरं. माझा जीव आता तुझ्या पदरात, अक्का. पदर नीट खोच."

तो तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. "मेल्या, अक्का कुणाला म्हणतोस?" असं तिनं त्याला हजारदा सुनावलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं: "खुर्चीत बसते ती अक्का, खांबावर चढतो तो धाकटा." भेट फारशी होत नसे. तो रानात, ही खुर्चीत. बतुकम्माच्या, फुलांच्या सणाला मात्र तो लाइनीच्या कडेनं तरवडाची पिवळी फुलं तोडायचा आणि त्यांचं गाठोडं फाटकाला अडकवून जायचा. बाकी सगळी ओळख आवाजाची. खाली उतरला की म्हणायचा, "माणूस खाली, साखळी निघाली, लाइन मोकळी. सोड अक्का." साखळी म्हणजे बंद तारेला अडकवून जमिनीत रोवायची, चुकून वीज आलीच तर ती माणसात न जाता मातीत जावी म्हणून. एकदा घाईत त्यानं साखळीचं म्हणायचं गाळलं, तर या बाईनं त्याला उन्हात उभं ठेवून सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. तो हसत हसत शिव्या देत होता.

त्या मंगळवारी अकरा दहाला त्यानं तळ्याकडच्या फीडरचं, म्हणजे तिकडं जाणाऱ्या लाइनीचं, परमिट घेतलं. खांबावर तार पेलणारा एक चिनी मातीचा चिमणा तडकला होता, तासाभराचं काम. एक वाजला, फोन नाही. दीड वाजता कनकव्वानं स्वतः लावला. चौथ्या खेपेला एका बाईनं उचलला. शेळ्या चारणारी होती.

"हा माणूस खांबाखाली बसलाय गं," ती म्हणाली. "तोंडाला पाणी लावलं, आत जाईना. छाती धरूनच बसलाय, अंग गार पडलंय."

कनकव्वानं फोन खाली ठेवला. आधी तिला रागच आला. "मेल्या, परमिट परत न देता जातोस होय?" असं ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. तिला तिकडं धावत जायचं होतं. पण खुर्ची सोडता येत नव्हती. बदलीचा ऑपरेटर सहाशिवाय यायचा नव्हता. पदरानं नाक पुसून ती ताठ बसली.

दोन वाजता इंजिनियरचा फोन आला. वेणुगोपाल सार.

"ऐकलंस ना कनकव्वा? फार वाईट झालं. माणूस चांगला होता."

"होता सार."

"आता असं कर. बारा चाळीसला परमिट परत दिलं असं लिही आणि लाइन सोड. शेतकरी बोंबलतायत."

"कुणी परत दिलं?"

"ओदेलूनं."

"ओदेलूचा फोन आला नाही."

"अगं बाई, आता कुठनं येणार?"

"तेच म्हणते मी. मग लिहू कसं?"

सारनं सूर बदलला. मग आवाजात साखर घालून म्हणाला, "काम संपवून घरी निघाला आणि वाटेत गेला, असं होईल. नाहीतर चौकशी बसते. ताडी पिऊन चढला होता, असंही कुणी म्हणेल. त्याच्या बायकोचाच तोटा."

कनकव्वाला सगळं लख्ख दिसलं. खांबावर काम म्हणजे दोन माणसं, हा नियम. दुसरा माणूस राजेशम, चांगला चाळिशीचा गडी. तो सकाळपासून सारच्या नव्या घरात झुंबर टांगत होता. कुणाची म्हैस, कुणाला उठबैस! चोर आपल्या पावलांवर झाडू फिरवत होता, आणि झाडू कनकव्वानं धरायचा होता.

"सार," ती म्हणाली, "परमिट परत दिल्याशिवाय ओदेलूनं ताडाच्या झाडाकडं वर मान करून बघितलंसुद्धा नाही. एकोणीस वर्षं त्याचा आवाज ऐकतेय. पोटात दोन घोट असते तर मला फोनवर वास आला असता." आणि तिनं फोन ठेवला.

तीनच्या सुमाराला फाटकाशी शेतकरी जमले. धान दाण्यावर आलेलं, पाण्याच्या मोटारी बंद. म्हातारा मल्लारेड्डी पुढं झाला. "मेलेला काही परत येत नाही पोरी. आमचं जितं धान वाळतंय."

"काका, धान एका दुपारीत मरत नाही. माणूस मरतो. आजच मेलाय."

म्हातारा फाटकाच्या सावलीत उकिडवा बसला. तेवढ्यात सारची जीप आली. तो तरातरा आत आला. "किल्ली दे."

कनकव्वा खुर्चीतून उठली. कमरेवर हात आपटून म्हणाली, "इथं आहे. घ्या हात घालून. गाव बघतंय."

सारचं तोंड लाल झालं. "उद्याच्या उद्या तुला आदिलाबादच्या जंगलात पाठवतो!"

"पाठवा. जंगलातही तारा आहेत, तिथंही हेच विचारीन. घेणारा परत देऊ शकत नसेल, तर त्याच्या साहेबानं स्वतः जागेवर जायचं, लाइन बघायची, आणि स्वतःच्या नावानं परत द्यायचं. तुमच्याच पुस्तकात छापलंय. उंटावरून शेळ्या पुष्कळ हाकल्या सार. आता चाला."

मग मल्लारेड्डी गुडघ्यावर हात टेकून उठला. "चला सार, जीप बांधापर्यंतच जाते. पुढची वाट मी दाखवतो."

गेले सगळे. कनकव्वा फोनकडं बघत बसली. आतून ती हादरली होती, खोटं कशाला सांगा. नोकरी गेली तर घरी दोन पोरं होती आणि बसून खाणारा नवरा होता. तरी किल्ली तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली.

चार वाजता फोन वाजला. मागं बायकांचा आक्रोश. सारचा आवाज मघाचा राहिला नव्हता.

"कनकव्वा... साखळी तारेला तशीच आहे."

"आणि?"

"तीसएक माणसं आहेत. त्याची बायको खांबाला पाठ लावून बसलीय. त्याचं डोकं मांडीवर घेऊन. साखळीला खेटून, वीज मातीत उतरली असती तिथंच." त्याला श्वास पुरेना. "मी सांगितलं तेव्हा तू लाइन सोडली असतीस, तर इथं..."

"मी सोडली नसती सार. राजेशमला बोलवा, माणसं लांब करा, आणि साखळी काढा."

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. "झालं. सोड."

"असं नाही. ओदेलू म्हणायचा तसं म्हणा. माणूस खाली."

"माणूस खाली," सार म्हणाला.

"साखळी निघाली."

"साखळी निघाली."

"लाइन मोकळी."

ते म्हणताना तो रडत होता. तिनं ऐकून घेतलं, कुलूप काढलं आणि वीज सोडली. तळ्याकडच्या मोटारी सुरू झाल्या असतील. मग तिनं रजिस्टर ओढलं. परत देणारा: वेणुगोपाल, इंजिनियर, चार पंचवीस. शेवटच्या रकान्यात लिहिलं: "परमिट घेणारा ओदेलू कामावर असताना खांबाखाली वारला. सोबत माणूस दिलेला नव्हता."

संध्याकाळी सार आला. चिखलानं बूट भरलेले. त्यानं ते वाचलं, पानावर हात ठेवला.

"एवढं लिहायलाच हवं होतं का?"

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात सार. तुम्ही त्यातले नसाल तर खाली सही करा."

त्यानं खिशातून पेन काढलं. मग त्यानं सही केली. वाकडीतिकडी आली, पण केली.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ओदेलूच्या लाइनीवर आता राजेशमला घातलं होतं. आवाज अगदी खालचा.

"मॅडम, तळ्याकडचं परमिट पाहिजे होतं."

"बरोबर कोण आहे?"

"पोशम आहे. इथंच उभा आहे."

"त्याला दे फोन." पोशम बोलला तेव्हा कुठं तिनं वीज तोडली, कुलूप घातलं, नाव लिहिलं. वरच्याच ओळीत ओदेलूचं नाव होतं. तिचे डोळे भरले. तिनं ते भरू दिले.

"आणि हे बघ राजेशम, मॅडम कोण रे? अक्का म्हण."

"हो अक्का."

"खाली उतरलास की तूच फोन कर. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."