जुब्ब्याची बटणं

इटलीच्या शिपायाच्या अंगातल्या कोटाला जुब्बा म्हणतात, हे मला पंधराव्या वर्षी कळलं. हैदराबादला मिशनच्या शाळेत शिवण शिकवायला इटलीच्या एक सिस्टर होत्या. तपकिरी कागदावर कोटाचा नमुना आखून त्यांनी वर तो शब्द लिहिला आणि मोठ्यानं वाचला. मी चमकले. जुब्बा तर आमच्याकडचा! वालूरला माझे मोठे काका रोज संध्याकाळी पांढरा सैल जुब्बा घालून ओट्यावर बसत.

मी वर्गात कधी बोलत नसे, पण त्या दिवशी हात वर केला. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, शब्द मूळचा अरबांचा. त्यांचा पायघोळ अंगरखा तो जुब्बा. जहाजांतून तो इटलीला उतरला आणि आखूड होऊन शिपायांचा कोट झाला. पुढे फ्रान्सला गेला, तिथे कमरेखाली घसरला आणि चक्क बायकांचा घागरा झाला. "कापडाला बाई-पुरुष कळत नाही," त्या म्हणाल्या, "बटणं सांगतात." पुरुषाच्या कोटाला बटणं उजव्या बाजूला लावायची, बाईच्या डाव्या. मी ते वहीत उतरवून घेतलं.

मॅट्रिकला एक वर्ष उरलेलं असताना वडील अंथरुणाला खिळले. शहरातली नोकरी सुटली आणि आम्ही वालूरला मोठ्या काकांच्या घरी आलो. काका गावचे पटवारी. त्यांच्यापुढे वडील धाकटेच राहिले. शाळेनं मला वसतिगृहात फुकट ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. तसं इंग्रजी पत्र आलं ते नेमकं काका ओट्यावर चार माणसांत बसलेले असताना.

"वाच," काका म्हणाले.

मी उभ्यानं एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. मुलगी हुशार आहे, हेही मलाच माझ्या तोंडानं सांगावं लागलं. माणसं गालात हसत होती.

"झालं? आता तूच फाड."

मी फाडलं. ते सरळ फाटलं नाही.

"लय शिकलीस," काका म्हणाले. "परक्यांची सोंगं या घरात चालायची न्हाईत. आमी बापजाद्यांच्या चालीनं राहतो."

हे बोलताना त्यांच्या अंगात जुब्बा होता. तो कुठून कुठे फिरून आला ते मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. मला वाद घालता येत नाही. लक्षात ठेवता येतं.

पुढच्या हिवाळ्यात अव्वल तालुकदार, म्हणजे आमच्याकडचे कलेक्टर, जिंतूरला दौऱ्यावर येणार असं कळलं. सगळ्या पटवाऱ्यांना हजर राहायचा हुकूम होता. काकांनी काळं कापड आणलं आणि माझ्यापुढे टाकलं.

"इटलीच्या बाईनं शिवण तरी शिकवलं का नुसतं टिसपिस? गावातल्या शिंप्याला कोट जमत न्हाई. तू शिव."

ट्रंकेतून मी सिस्टरांनी निघताना दिलेला तो तपकिरी नमुना काढला. आठ दिवस शिवत होते. टाके इतके बारीक घातले की काकू नखानं चाचपून बघायची. काजं उजव्या बाजूला कापली, बटणं डाव्या बाजूला लावली. कात्री एकदाही वाकडी गेली नाही.

काकांनी जन्मभर बंदांची बाराबंदी नाही तर डोक्यातून घालायचा जुब्बा वापरलेला. पुढून उघडणारा कोट हा पहिलाच.

"बटणं लय जड जायलीत गं."

"नवं कापड आहे, काका. सवयीनं होईल."

"नवरदेव दिसायलात की!" काकू म्हणाली, आणि काका खरंच लाजले.

जिंतूरहून ते दिवस मावळायच्या आत परतले आणि तडक आत गेले. काय झालं ते त्यांच्याबरोबर गेलेल्या येसकरानं, म्हणजे गावच्या राखणदारानं, मागच्या दारी काकूला सांगितलं. तालुकदारसाहेबांनी काकांना जवळ बोलावलं, कोट वरून खाली न्याहाळला आणि भर कचेरीत विचारलं, "पटवारी साब, मेमसाब का कोट पैन को आए क्या? घर में मर्दाना नै था?"

"सगळे पटवारी हसले, बाई," येसकर म्हणाला. "आपले मालक बटणं सोडायला गेले, तर ती सुटंनात. मग तर लयच हसले."

काकू पदरात तोंड घालून उभी राहिली. तेवढ्यात काका बाहेर आले आणि त्यांनी कोट माझ्या अंगावर फेकला.

"बटणं इकडची तिकडं कर. आत्ता."

कापलेली काजं बुजवता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी कोटाची घडी घातली.

"मला येत नाही, काका. तो धडा शेवटच्या वर्षाला होता."

आयुष्यात त्यांच्यापुढे माझ्या मनानं मी एवढं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घडीवरच्या बटणांकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. पण भाऊबंदांत ओरडून सांगणार काय? पोरीनं आपल्या अंगात बाईचा कोट चढवला म्हणून?

शाळेत मी परत गेले नाही. कोटही पुन्हा कुणाच्या अंगाला लागला नाही. नवं कापड टाकवेना म्हणून काकूनं तो ओसरीतल्या खुंटीला अडकवला, आणि तो तिथेच राहिला. रोज केर काढताना मी तो न चुकता झटकायची आणि बटणं पुढे येतील असा फिरवून ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवीत.